बाभळीचा ठोकळा

कुलसुमबीनं मले साऱ्या गल्लीसमोर थोबाडीत मारली. माह्याच आंगणात, माह्याच पोरीसमोर, अन माह्या भासऱ्यासमोर. भासरे म्हंजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, केशवराव. त्यायचा पाय तवा सिमेंटच्या लादीखाली चेंदून राहिला होता, अन ते असे बोंबलत होते का बजारातले लोक दुकानं सोडून धावत आले. अशा वेळी तिनं त्यायले सोडून मले मारलं. माह्या मायनं कधी मले बोट लावलं नव्हतं. नवऱ्यानं लावलं, पण त्याले ते मी परत देलं. ती थापड मी विसरली नाई अन विसरणार बी नाई. पण कुलसुमबीचं कोणी वाईट बोललं तं मी त्याच्या नरड्याले हात घालते. हे असं कावून, ते सांगते. मधात बोलू नका.

कुलसुमबी आमच्या दर्यापूरची. धंदा काय, तं खचलेल्या लाद्या उचलणं. बाहेरच्या माणसाले वाटन, हा काय धंदा झाला? त्यानं आमची माती पाह्यली नाई. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते का भेगेत हात घातला तं कोपरापर्यंत आत जाते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, अन वरती जे काही बांधलं असन ते वरखाली करून टाकते. वट्टा, आंगण, न्हाणीपुढची फरशी, गोठ्यातलं सिमेंट, काहीच जाग्यावर राहत नाई. लादी फुटत नाई, नुसती एका अंगानं बसते. मंग पावसाचं पाणी नालीकडं जायचं सोडून घराच्या पायव्यात मुरते. फोडून नवी घालायची ऐपत नापिकीच्या त्या सालात कोणाची होती? तवा कुलसुमबीले बोलवायचं. ती लादीच्या कडेले खड्डा खोदायची, त्यात ट्रकचा जॅक बसवायची, लोखंडी दांड्यानं जॅक दाबत दाबत लादी वर घ्यायची, खालच्या पोकळीत मुरूम ठासायची, अन लादी पुन्हा सपाटीत बसवून द्यायची.

दिसायले बुटकी, अंगानं रुंद. ओढणी कमरेले खोचलेली अन तोंड एक नंबर फटकळ. एकदा अमरावतीले एका बंगल्यावर कामाले गेली तं तिथल्या ठेकेदाराच्या माणसानं कौतुक करता करता तिच्या पाठीवर हात फिरवला. कुलसुमबीनं जॅकमधून दांडा उपसला अन त्याच्या पायाच्या टोंगळ्यावर असा हाणला का तो जाग्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बंगल्यातल्या बायकायनं खिडकीत ऐकला म्हणे. मंग तिनं दांडा पुसला, जॅकमध्ये घातला, अन राहिलेलं काम पुरं करून संध्याकाळच्या बसनं घरी आली. हे मले कळलं तवा मले लय बरं वाटलं होतं.

पण कामात ती भल्ली जपून. तिच्यापाशी बाभळीचा एक ठोकळा होता, उशीएवढा, दोन्ही टोकाले लोखंडाची पट्टी मारलेला. जॅकनं लादी वर आली का पहिले तो ठोकळा आत सरकवायची, बिस्मिल्ला म्हणायची, त्याच्यावर थापा मारून पाहायची, अन मंगच लादीखाली हात घालायची. जॅक कवाबी दगा देते, ठोकळा देत नाई, असं तिचं म्हणणं. त्याच्यावर कोणाले बसू द्यायची नाई. आमच्या शेजारी काम होतं तवा माही पोरगी वर्षाली चुलीतला कोळसा घेऊन त्या ठोकळ्यावर रेघा ओढून राहिली होती, लहानच होती ती. कुलसुमबीनं येऊन तिच्या हातातला कोळसा हिसकला अन पार गल्लीच्या टोकाले फेकला. "याच्याजवळ चुलीतलं काही आणायचं नाई," म्हणली. मी म्हणली, "इझलेला कोळसा हाये तो, बयताड झाली का काय?" ती ठोकळ्यावरच्या रेघा ओढणीनं पुसायले लागली. मले राग आला, पण काम तिचं मन लावून चालू होतं म्हणून मी गप बसली.

मुळात हा धंदा तिच्या नवऱ्याचा, जैनुद्दीनचा. मिस्त्री म्हणून त्याच्या हाताले तोड नव्हती, पण तोच हात लय सैल. चिडला का जे हातात असन ते बायकोच्या आंगावर, अन हातात बहुतेक जॅकचा दांडाच राहायचा. आमची गल्ली तिच्या घरामागं, सारं ऐकू यायचं. ती रडायची नाई, त्याच्या सात पिढ्या काढायची, म्हणून तो आणखी मारायचा. आता तुमी म्हणसान, तो माणूस तसाच. तं बाकीच्या घरात काय भजन चाललं होतं? त्या सालात मार न खाल्लेली बाई आमच्या भागात शोधून सापडली नसती, हिंदू म्हणा का मुसलमान म्हणा. कापूस जळाला, सोयाबीन गेलं, विहिरीनं तळ दाखवला. माणसं बाहेर कोणाचं काही वाकडं करू शकत नव्हती, ती घरी येऊन हात चालवायची.

बाया तरी कुठं कमी होत्या? आमच्याकडं चूल पेटते ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यावर. पऱ्हाटी टोंगळ्याएवढीच होऊन करपली तं सरपण कुठून येईन? धुऱ्यावरच्या, म्हंजे वावराच्या बांधावरच्या, काड्याकुड्यावरून बाया एकमेकीच्या झिंज्या उपटत. माह्या वावरातली मोळी उचलून नेणाऱ्या एकीच्या कानातलं मी ओढून काढलं होतं, अन कानाची पाळी संगं आली. मले त्याचं आजबी काही वाटत नाई. मोळी माही होती.

अशाच एका हिवाळ्यात जैनुद्दीन चांदूर बाजारले एका घरी लादीखाली दबून मेला. कुलसुमबी त्याच्यासंगंच होती, मुरमाची घमेली वाहायले. पोलीस आले, अपघात लिहून गेले. विधवेनं घरात बसायचे इद्दतीचे दिवस सरले, तशी ती जॅक घेऊन एकटीच कामाले निघाली. लोक बोलले. बाई माणूस, तेबी नवऱ्याले खाऊन बसलेला जॅक घेऊन. मी म्हणली, मंग खाईन काय ती, तुमचं डोस्कं? बाभळीचा ठोकळा तिनं तवाच नवा करून घेतला होता. हे मी पाह्यलं होतं, पण त्याचा इचार केला नव्हता.

आता माह्या आंगणावर येते.

माह्या सासऱ्यानं दोघा भावायले एकच घर वाटून देलं. उजवी बाजू केशवरावची, पक्क्या इटायची. डावी आमची, मातीच्या भिंतीची. मधात आंगण सामाईक, सिमेंटच्या मोठमोठ्या लाद्या, खाटेएवढी एकेक. तिथी आमी पालक-मेथी धुवायचो, जुड्या बांधायचो, अन मी त्या बजारात नेऊन विकायची. रस्त्याकडं फाटक एकच, तेबी केशवरावच्या दारापुढं. पाण्याले बाहेर जायची वाट तीच. आमच्या भिंतीकडची लादी बसत बसत एवढी बसली का साऱ्या आंगणाचं पाणी आमच्या भिंतीशी तुंबायले लागलं. भिंतीनं पोट काढलं. त्या भिंतीच्या अल्याड माही वर्षाली झोपायची. एकच खोली, तिले मी दुसरीकडं कुठी झोपवू? मागच्या पावसात वरच्या आळीत रामरावची अशीच भिंत बसली अन त्याची म्हतारी तिच्याखाली गेली. बाहेर काढली तवा तिच्या उघड्या तोंडात चिखल ठासून भरला होता. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. तवापासून माह्या डोक्यात एकच: मिरग लागायच्या आत लादी उचलून पाण्याचा ढाळ फाटकाकडं करायचा, नाई तं माही पोट्टी त्या भिंतीखाली जाते.

केशवराव अडून बसले. माह्या दारापुढून तुमच्या भाजीचं घाण पाणी जाणार नाई, म्हणे. फाटकाच्या अलीकडं त्यायनं इटा लावून, वरून चिखल थापून बांधच घातला. आमच्यात भासऱ्यासमोर सुनंनं तोंड उघडायचं नसते. लग्न होऊन आल्यापासून मी त्यायच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पण गप बसणाऱ्यातली मी नाई. आंगणात म्हैस बांधलेली होती, मी म्हशीले बोलायची अन ऐकायचं त्यायनं. "काय वं म्हशे, भावाची पोरगी मेली तं चालन पण दाराले पाणी लागू नये, असे लोक असतात म्हणे." ते आतून खाकरायचे.

माहा नवरा मोतीराम म्हंजे निरा गरीब गाय. एक दिवस त्यानंच हिंमत करून भावासमोर हात जोडले. "दादा, पोरीसाठी म्हणतो, एवढं होऊ दे." केशवरावच्या हातात बैल बांधायचं जाड खुंटाळं होतं. तेच त्यायनं मोतीरामच्या डोस्क्यात घातलं. एकदा घातलं, तो खाली बसला, तरी आणखी घातलं. मी धावली तं मले छातीवर लाथ बसली अन मी म्हशीच्या गव्हाणीत जाऊन पडली. पार्वताबाई, त्यायची बायको, दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून पाहत होती. मोतीरामचं रगत लादीवर सांडलं अन वाहत वाहत सरळ आमच्या भिंतीशी गेलं, तिथी तुंबलं. मी गव्हाणीतून उठली अन म्हशीले म्हणली, "पाह्य, ढाळ कोणीकडं हाये ते." मले त्या माणसाचा जीव घ्यावा वाटत होता.

डोस्क्याले टाके पडले. मोतीराम म्हणे, जाऊ दे. मी नाई जाऊ देलं. केशवराव एका लग्नाले अकोल्याले जाणार होते. त्याच दिवशी मी कुलसुमबीले सांगावा धाडला.

ती आली, आंगणात फिरली, लादीवर तांब्याभर पाणी ओतून पाह्यलं. मंग मले इचारलं, "लादी सामाईक दिसते. जेठाले इचारलं का?"

"इचारलं," मी म्हणली. "त्याचं उत्तर मोतीरामच्या डोस्क्यावर हाये."

तिनं आत खाटेवर पडलेल्या मोतीरामची पट्टी पाह्यली, भिंतीचं पोट हातानं दाबून पाह्यलं, भिंतीशी वर्षालीची घडी घातलेली गोधडी पाह्यली. कुदळ घेतली अन खोदायले लागली.

दुपारपर्यंत लादी चांगली हातभर वर आली होती. ठोकळा आत बसला होता. कुलसुमबी पालथी पडून, पार खांद्यापर्यंत हात लादीखाली घालून मुरूम ठासत होती. मी घमेली आणून देत होती. पार्वताबाई तिच्या दारात लसूण सोलत बसली होती. सारं पाहत होती, पण आडवी आली नाई. तेवढ्यात फाटक वाजलं. केशवराव. अकोल्याचं लग्न लवकर आटोपलं म्हणा का कोणी फोन केला म्हणा, मले अजून माहीत नाई.

त्यायनं एका शब्दानं इचारलं नाई. भिंतीशी टेकवलेली लोखंडाची सब्बल उचलली अन खड्ड्यात उतरले. मी ओरडली, "भाभी, हात काढ." कुलसुमबीचा हात आतच होता. केशवरावनं सब्बल दोन्ही हातानं मागं नेली अन जॅकच्या बुडात हाणली. जॅक उडून माह्या पायाशी येऊन पडला. लादी धाडकन खाली आली, पण ठोकळ्यावर येऊन थांबली. ठोकळा करकरला, जाग्यावरून हलला नाई. कुलसुमबीनं हात बाहेर ओढला. कोपरापासून खाली साल निघालं होतं, पण हाड शाबूत होतं.

कोणी दुसरं असतं तं तिथीच घाबरून मागं सरलं असतं. एका बाईचा हात आत्ताच जाता जाता वाचला. पण हे केशवराव. लादी अधांतरी राहिलेली पाहून त्यायचा राग आणखी भडकला. "तुह्या मायच्या ठोकळ्याची," म्हणले अन ठोकळ्याले लाथ मारली. एकदा मारली, नाई निघाला. पुन्हा मारली. ठोकळा निघाला. लादी खाली आली, अन त्यायचा लाथ मारलेला पाय आतच होता.

ते कसे किंचाळले ते मी सांगत नाई. पंजा अर्ध्याच्या वर लादीखाली होता अन बाजूच्या मुरमातून रगत वर येत होतं, लाल मुरमात ते दिसतबी नव्हतं, नुसता मुरूम ओला होत होता. पार्वताबाईचा लसूण साऱ्या आंगणात सांडला. गल्लीतले लोक आले. माणसायनं लादीले हात लावून पाह्यला, सब्बल घालून पाह्यली, सब्बल सटकली तशी लादी आणखी बसली अन ते आणखी बोंबलले. जॅकशिवाय ती उचलणार नव्हती. जॅक माह्या पायाशी पडला होता, अन दांडा माह्या हातात होता. त्यायच्या डोस्क्यात घालायले मी तो कवा उचलला हे मलेच आठवत नाई.

त्या दिवशी मी माह्या भासऱ्याशी पहिल्यांदा बोलली. साऱ्या गल्लीसमोर, डोक्यावरचा पदर खाली पडलेला. मी म्हणली, "आधी बोला. पाणी तुमच्या फाटकातून जाईन का नाई?"

ते नुसते आई आई करत होते.

"बोला," मी म्हणली. "ही सारी माणसं ऐकून राहिली. माही पोरगी भिंतीखाली जायची होती तवा तुमाले घाई नव्हती, आता मले नाई. बोला, मंग जॅक लावते."

पार्वताबाईनं माहे पाय धरले. मी पाय सोडवला. मोतीराम पट्टी बांधलेलं डोस्कं धरून बाहेर आला अन शकुन, शकुन म्हणत राहिला. मी हलली नाई. खरं सांगू का, मले मजा येऊन राहिली होती. एवढ्या वर्षात पहिल्यांदा तो माणूस खाली होता अन मी वर.

अन कुलसुमबीनं मले मारली. रगताळलेल्या हातानं, अशी फाडकन, का माह्या कानात शिट्टी वाजली अन तोंडात रगताची चव आली. माह्या हातातून दांडा तिनं ओढून घेतला. खड्ड्यात उडी मारली, जॅक बसवला, अन त्या सोललेल्या हातानं दांडा दाबत सुटली. लादी बोटभर वर आली, पंजा निघाला, माणसायनं त्यायले ओढून काढलं. चप्पल लादीखालीच राहिली. पायाच्या पुढच्या भागाचं काय झालं होतं ते पाहून एक माणूस तिथीच ओकला. जीपमध्ये घालून त्यायले अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. कुलसुमबीनं लादी परत खाली सोडली, सामान गोळा केलं अन माह्याकडं न पाहता निघून गेली.

रात्रभर मी फणफणत होती. काम देऊन बोलावली मी, अन मार खाऊ मी? ज्यानं तिचा हात तोडायले कमी केलं नाई त्याच्यासाठी मले मारली? मोतीराम म्हणे, "तिनं बरोबर केलं." मी त्याले म्हणली, तुह्या डोस्क्याचे टाके तरी सुकू दे, मंग भावाची बाजू घे.

सकाळी फाटक वाजलं तं कुलसुमबी. हाताले चिंधी गुंडाळलेली, डोक्यावर जॅक, काखेत ठोकळा. ठोकळा धुतलेला होता, पण एका अंगाचा काळा डाग गेला नव्हता. माह्याशी न बोलता खड्ड्यात उतरली अन लादी वर घ्यायले लागली. मी मुरमाचं घमेलं उचललं. माही भिंत होती, मी काय रुसून बसू? ती मागायची नाई, मी आणून द्यायची. शेवटी मले राहवलं नाई.

"भाभी," मी म्हणली, "मले कावून मारली?"

ती खड्ड्याच्या कडेले पाठ टेकून बसली. मुरमानं भरलेला हात ओढणीले पुसला.

"तुले ठाऊक हाये, जैनुद्दीन कसा मेला?"

"लादीखाली."

"त्या हिवाळ्यात घरात एक पऱ्हाटी नव्हती," ती म्हणली. "गोवऱ्या नाई, काडी नाई, काहीच नाई. भाकरी कशावर भाजू? त्याचा ठोकळा कोपऱ्यात पडला होता. जुना, वाळलेला, बाभळीचा. चांगला जळन म्हणून मी तो कुऱ्हाडीनं फोडला अन चुलीत घातला. वाटलं, दुसरा करून घेईन. तो घरी आला, भाकरी खाल्ली, अन मंग ठोकळा मागितला. मी सांगितलं. त्या दांड्यानं मले त्यानं पहाटेपर्यंत मारली. माही बरगडी मोडली होती."

मी घमेलं खाली ठेवलं. तिच्या घरातला तो आवाज मले आठवला. त्या रात्री आमीबी ऐकला होता, अन नेहमीचंच म्हणून कूस बदलली होती.

"सकाळी चांदूर बाजारचं काम. ठोकळा नाई. त्यानं इटा लावल्या. मी म्हणली, इटाचा भरोसा नाई. तो म्हणे, तू बोलूच नको. लादी वर घेतली, इटा लावल्या, छातीपर्यंत आत गेला. जॅकचं तेल गळायले लागलं, लादी इटावर आली, अन इटाचा भुगा झाला. दांडा माह्या हातात होता."

"मंग?"

"मंग मी उभी राहिली."

तिनं माह्याकडं पाह्यलं.

"तो वरडला. कुलसुम म्हणला. एवढ्या वर्षात मले तो कधी नावानं बोलला नव्हता, नेहमी शिवीनंच. अन मी दांडा धरून उभी होती. माही बरगडी दुखत होती. मी मनात म्हणली, वरड, अजून वरड. एक घमेलं मुरूम खाली ओतायले जेवढा वेळ लागते तेवढाच वेळ, जास्त नाई. मंग मी जॅक दाबला. लादी वर आली. तो बोलेना."

"लगेच उचलली असती तं वाचला असता?"

"नाई माहीत," ती म्हणली. "तेच तं नाई माहीत, शकुन. वाचला असता तं आणखी मारली असती मले, हे माहीत हाये. तरी रोज, जॅक लावला का मी मनात जैनुद्दीनले हेच इचारते. काल तुह्या हातात दांडा होता अन तू उभी होती. तुह्या तोंडावर मजा होती. ती मले ओळखू आली."

मले तिची कीव आली नाई, कारण मी असती तं मीबी उभी राहिली असती, अन घमेलंभर वेळ नाई, बैलबंडीभर. पण तिच्यासारखी नंतर रोज लादीखाली हात घालू शकली नसती. हे मले तवाच कळलं, अन माह्या गालाची आग कमी झाली.

"घमेलं आण," ती म्हणली.

संध्याकाळी लादी बसली. तिनं ठोकळा ओढून काढला अन म्हणली, पाणी ओत. मी बादलीभर पाणी आमच्या भिंतीशी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मंग हललं, अन लादीवरून केशवरावच्या दाराकडं निघालं. दारापुढं पोचलं अन तिथल्या इटाच्या बांधाशी तुंबलं. मी कुदळ हातात घेतली. कोणी आडवं आलं तं आज मी बांधासंगं त्यालेबी फोडणार होती. पण पार्वताबाईच बाहेर आली. कालपासून दवाखान्यात बसून ती तवाच कपडे न्यायले घरी आली होती. तिनं वाकून एक इट काढली, मंग दुसरी, मंग पायानं सारा बांध ढकलून देला. पाणी फाटकाखालून रस्त्यावर गेलं. तिनं माह्याकडं पाह्यलं नाई, कपड्याची पिशवी घेतली अन त्या ओल्यातून चालत गेली.

केशवरावचा अर्धा पंजा कापावा लागला. घरी आले तवा वट्ट्यावर खुर्ची टाकून बसायचे, अन पावसात आमच्या भिंतीचं पाणी त्यायच्या समोरून वाहत जायचं. एकदा मोतीराम पुढून गेला तं त्यायनं काठी उगारली, पण उठता आलं नाई. मी त्यायले सरळ म्हणली, "भाऊजी, काठी खाली ठेवा." ठेवली. आता मले म्हशीची गरज राहिली नाई. भिंत उभी हाये. वर्षाली तिच्या अल्याडच वाढली, तिथूनच तिचं लग्न झालं.

कुलसुमबी अजून लाद्या उचलते. त्या दिवसाचं आमी पुन्हा कधी बोललो नाई. पण तवापासून कापूस निघाला का मी पहिली मोळी पऱ्हाट्याची डोक्यावर घेते अन तिच्या दारात नेऊन टाकते. ज्या साली आमच्या वावरात पऱ्हाटी झाली नाई त्या साली दुसऱ्याच्या धुऱ्यावरून आणली, भांडून आणली, पण आणली. ती नको म्हणत नाई अन बस म्हणत नाई. मी दारातूनच इचारते, "भाभी, ठोकळा हाये का?"

"हाये," ती आतून म्हणते.

अन मी घरी येते.